गळ्यातले कापड : एका शब्दाच्या भाषांतराविषयी

काही महिन्यांपूर्वी एका मल्याळम कथेच्या मराठी अनुवादाचा मसुदा प्रस्तुत लेखकाकडे अभिप्रायासाठी आला होता. अनुवादक तरुण आहे, दोन्ही भाषांत मुरलेला आहे आणि शब्दांविषयी काळजी घेणारा आहे. कथा केरळच्या किनाऱ्यावरील एका कॅथलिक विधवेची. तिचा एकुलता एक मुलगा नोकरीसाठी आखाती देशात निघतो. बाहेर गाडी उभी असते, शेजारपाजार जमलेला असतो, आणि उंबरठ्यापाशी ती आपल्या गळ्यातून एक वस्तू काढून मुलाच्या गळ्यात घालते. मूळ कथेत त्या वस्तूचे नाव ‘वेंतिंगा’ असे आहे. अनुवादात वाक्य असे उतरले होते : ‘तिने आपल्या गळ्यातला ताईत काढून त्याच्या गळ्यात घातला.’ वाक्य शुद्ध आहे, प्रवाही आहे, मराठी वाचक त्यापाशी क्षणभरही अडखळणार नाही. माझा आक्षेप नेमका या न अडखळण्यालाच आहे.

अनुवादाची चर्चा करताना आपण बोली, लय, म्हणी, वाक्यरचना अशा मोठ्या प्रश्नांत रमतो, आणि वस्तूंची नावे शब्दकोशावर सोपवून मोकळे होतो. भांड्याकुंड्यांच्या बाबतीत ते चालूनही जाते. धर्माचरणातील वस्तूंच्या बाबतीत मात्र चालत नाही; कारण तेथे नाव देणारा नकळत त्या आचरणाविषयी निवाडाही देऊन बसतो. त्या विधवेच्या गळ्यात ताईत आहे असे म्हणताक्षणी तिच्या श्रद्धेची जात ठरून गेली. मग कथेत पुढे काय घडते हे वाचक त्या ठरलेल्या चौकटीतूनच पाहणार.

प्रथम वस्तूच पाहू. वेंतिंगा म्हणजे लोकरी कापडाचे दोन लहान आयताकृती तुकडे, रंगाने तपकिरी, दोन नाड्यांनी एकमेकांस जोडलेले. नाड्या दोन्ही खांद्यांवरून जातात. एक तुकडा छातीवर येतो, दुसरा पाठीवर. ते सदऱ्याच्या किंवा पोलक्याच्या आत घालतात, त्यामुळे परक्या माणसाला ते सहसा दिसतही नाही. इंग्रजीत त्याला ‘स्कॅप्युलर’ म्हणतात, आणि त्या नावाच्या मुळाशी खांदा या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत मठवासीयांना कोणते कपडे द्यावेत याचे एक प्रकरण आहे, ५५ वे. त्यात काम करताना घालावयाचे म्हणून या वस्त्राचा उल्लेख येतो. म्हणजे आज देव्हाऱ्यातल्या वस्तूसारखे जपले जाणारे हे कापड मुळात कष्टाच्या वेळी अंगरख्यावर चढविण्याचे वस्त्र होते. पुढे ते खांद्यांवरून पुढे-मागे लोंबणाऱ्या लांब पट्ट्याच्या रूपाने मठाच्या पोशाखाचा कायमचा भाग झाले. संसारी माणसाला मठात जाता येत नव्हते, परंतु संप्रदायाशी नाते हवे होते. त्याच्यासाठी हा पोशाख लहान होत होत अखेर तळहातात मावणाऱ्या दोन तुकड्यांपर्यंत आला. मध्ययुगीन युरोपात कित्येक गृहस्थ आपल्याला मठाच्या पोशाखात मरण यावे, त्यातच आपल्याला पुरावे अशी इच्छा धरीत. त्या इच्छेचा अवशेष या दोन तुकड्यांत आहे. स्कॅप्युलर अनेक रंगांचे आहेत : पांढरे, काळे, निळे, तांबडे, हिरवे, प्रत्येकामागे वेगळा संप्रदाय किंवा वेगळी भक्ती आहे. त्या तपशिलात येथे शिरत नाही. कथेतले कापड तपकिरी आहे, आणि भारतात सर्वाधिक परिचयाचे तेच आहे.

तपकिरी स्कॅप्युलर हे कार्मेलाइट संप्रदायाचे. पॅलेस्टाइनमधील कार्मेल पर्वतावर राहणाऱ्या एकान्तवासी साधकांना जेरुसलेमचे धर्माध्यक्ष आल्बर्ट यांनी १२०६ ते १२१४ या काळात केव्हातरी एक नियमावली दिली. तेराव्या शतकातच हे साधक युरोपात सरकले. परंपरा असे सांगते की १६ जुलै १२५१ रोजी संप्रदायाचे इंग्रज प्रमुख सायमन स्टॉक यांना पवित्र मरियेने दर्शन दिले, हे वस्त्र त्यांच्या हाती ठेवले, आणि ते अंगावर असताना ज्याला मरण येईल त्याला नरकाग्नी भोगावा लागणार नाही असे वचन दिले. इतिहाससंशोधकांची अडचण अशी की या दर्शनाचे लेखी वृत्तान्त चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वीचे मिळत नाहीत. सतराव्या शतकात ज्यां द लोनोआ या फ्रेंच विद्वानाने या कथेवर कठोर टीका केली, आणि तो स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या वचनाला पुढे आणखी एक वचन येऊन चिकटले. पोप जॉन बाविसावे यांच्या नावाने १३२२ सालचे एक आज्ञापत्र प्रसृत झाले होते. स्कॅप्युलर धारण करून काही नियम पाळणाऱ्या भक्ताला मरिया त्याच्या मृत्यूनंतरच्या शनिवारी शुद्धिस्थानातून सोडवून नेईल, असे त्यात होते. हे आज्ञापत्र बनावट असल्याचे आता सर्वत्र मानले जाते. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाला यातला खरा रस १६१३ सालच्या रोमच्या निर्णयात सापडेल. त्या निर्णयाने कार्मेलाइटांना मर्यादित शब्दांत उपदेश करण्यास मुभा दिली : मरिया आपल्या भक्तांना मृत्यूनंतरही साहाय्य करते, विशेषतः तिच्या शनिवारी, असे श्रद्धेने मानण्यास हरकत नाही. मात्र मरिया शुद्धिस्थानात उतरून आत्म्यांना वर काढीत आहे अशी चित्रे काढू नयेत, असेही त्याच निर्णयात बजावले. वाक्याला मुभा, चित्राला मनाई. श्रद्धेच्या गोष्टीत प्रतिमा किती वेगाने सिद्धान्ताची जागा घेते हे जाणणाऱ्या माणसांनीच असा निर्णय लिहिला असणार. आपल्याकडच्या पुराणकथांच्या अभ्यासकांनीही तो लक्षात घ्यावा.

आता ताईताकडे वळू. हा शब्द मराठीत अरबीतून, तावीज या शब्दाच्या कुळातून आला. त्यात लिहिलेला मंत्र असतो, अंकांचे कोष्टक असते किंवा कोणा सिद्धपुरुषाने मंतरलेली चिमूटभर राख असते. वरून धातूची नळी किंवा कापडाची शिवण असते. सामर्थ्य त्या आतल्या द्रव्यात. ते धारण करणाऱ्याला कोणाच्या संप्रदायात शिरावे लागत नाही, रोजचा काही नेम चालवावा लागतोच असे नाही. दृष्ट, आजार, बाधा यांपासून राखण व्हावी, एवढा सरळ व्यवहार. मी ताईताला कमी लेखत नाही. मराठीने तर त्याला ‘गळ्यातला ताईत’ या प्रयोगात सर्वांत लाडक्या माणसाची जागा दिली आहे. पण लाडका असला तरी तो ताईत आहे, आणि तपकिरी कापडाचा व्यवहार निराळा आहे.

तो कसा निराळा, हे दाखविणारी एक बारीकशी गोष्ट आहे. परंपरेप्रमाणे पहिल्यांदा स्कॅप्युलर घेताना धर्मगुरू ते आशीर्वादित करून घेणाऱ्याच्या अंगावर घालतो. त्या विधीने ती व्यक्ती कार्मेलच्या परिवारात दाखल होते. प्रार्थनेचा नेम, आपापल्या अवस्थेला साजेसे शुचित्व, मरियेची भक्ती या गोष्टी ती पत्करते. पुढे ते कापड जीर्ण झाले, नाडी तुटली, तर दुसरे घेऊन घालावे. त्याला पुन्हा आशीर्वाद लागत नाही असा परिपाठ आहे. ताईताच्या बाबतीत ही कल्पनाच अशक्य. न मंतरलेला ताईत म्हणजे रिकामी नळी. येथे मात्र दीक्षा माणसाला मिळाली आहे, कापड तिची खूण आहे. म्हणून खूण बदलता येते. १९१० मध्ये पोप पायस दहावे यांनी कापडाऐवजी धातूचे पदक धारण करण्यास परवानगी दिली, तिच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे. उष्ण प्रदेशांतल्या मिशनऱ्यांची तक्रार होती की घामाने लोकरीचे तुकडे कुजतात आणि अंगावर धड राहत नाहीत. कोकण-मलबारात पावसाळा काढलेल्या कोणालाही ही तक्रार पटेल. तरीही कापडाचाच वापर चालू राहावा अशी इच्छा त्या परवानगीतच व्यक्त झाली होती. वस्त्र होते म्हणूनच हा आग्रह. पुढे पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००१ मध्ये, परंपरेतल्या त्या दर्शनाला ७५० वर्षे झाली त्या निमित्ताने, कार्मेलाइटांना पत्र लिहिले. आपणही दीर्घकाळ हे स्कॅप्युलर धारण करीत आलो आहोत असे सांगून, ते मूलतः पोशाख आहे, आणि अंगवळणी पडावयाच्या आचरणाची ती खूण आहे, असा अर्थ त्यांनी त्यात मांडला.

मराठी वाचकाला याचे नाते कशाशी लावून द्यावे, हा विचार करीत असताना मला ताईतापेक्षा फार जवळची वस्तू दिसते, ती म्हणजे वारकऱ्याची तुळशीची माळ. माळ बाजारातून विकत घेता येते, पण तेवढ्याने कोणी माळकरी होत नाही. ती ज्येष्ठ वारकऱ्याच्या, महाराजांच्या हातून घ्यावी लागते. घेताना मद्यमांस वर्ज्य करण्याचे, एकादशी धरण्याचे, पंढरीची वारी करण्याचे वचन द्यावे लागते. माळ घातलेला माणूस एका परंपरेत, एका फडात, एका दिंडीत जाऊन बसतो. तिच्यासंबंधीही मरणाची भाषा आहे, मोक्षाची भाषा आहे. आणि तिच्यासंबंधीही संप्रदायाच्या आतूनच कठोर परीक्षण झाले आहे. बाहेरच्या माळामुद्रांवर आणि आतल्या कोरडेपणावर तुकारामांनी जे ओढले आहे त्याहून जहाल टीका बाहेरचा कोणी करू शकला नाही. असे असूनही माळेला ताईत म्हणण्याचे मराठी माणसाच्या स्वप्नातही येणार नाही. मग तीच मर्यादा दुसऱ्याच्या गळ्यातल्या कापडाला का लाभू नये?

तुलना सगळीकडे जुळत नाही. माळ दिसावी म्हणून असते. माळकऱ्याला गाव ओळखते, हॉटेलवालाही ओळखतो. स्कॅप्युलर कपड्यांच्या आत असते. ते दुसऱ्याच्या दृष्टीस पडते ते स्नानाच्या वेळी, आजारपणात, किंवा प्रेताला कपडे चढविताना. कथाकादंबऱ्यांत ते जेथे डोकावते तेथे बहुधा यांपैकीच एखादा प्रसंग असतो, आणि म्हणून ते दिसले की त्याबरोबर एखादे उघडे पडलेले शरीरही दिसते. ताईत दंडावर, मनगटावर राजरोस मिरवता येतो. ही आतली लपलेली ऊब त्या शब्दात नाही.

येथवरचे वाचून कोणी म्हणेल की लेखक चर्चची वकिली करीत आहे. प्रत्यक्षात गावोगावची माणसे हे कापड ताईतासारखेच वापरतात. हे मला मान्य आहे. समुद्रावर जाणारा मच्छीमार, परीक्षेला बसलेला मुलगा, शस्त्रक्रियेसाठी निघालेली बाई, या सर्वांच्या मनात छातीवरच्या तुकड्याला हात लावताना संप्रदायाची दीक्षा असते असे कोण म्हणेल? चर्चलाही हे ठाऊक आहे. लोकभक्तीसंबंधी रोमने २००१ मध्ये जी मार्गदर्शिका काढली तिच्यात स्कॅप्युलर घालण्याचा विधी उभ्याउभ्या उरकू नये, आधी त्या माणसाची तयारी करून घ्यावी, अशी सूचना आहे. सूचना द्यावी लागते याचाच अर्थ तसे घडत असते. माझे म्हणणे एवढेच की ताईतासारखे वापरणे आणि ताईत असणे या दोहोंत जो ताण आहे, तो त्या वस्तूचा प्राण आहे. भाषांतरकाराने ‘ताईत’ लिहिले की ताण संपतो. आणि त्याने सोवळेपणाने एखादा शुद्ध धर्मशास्त्रीय शब्द घडवला तरीही तो संपतो.

हा ताण आपल्या देशाच्या इतिहासात एकदा फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता, आणि गंमत अशी की तो आपल्याच गळ्यातल्या एका सूत्राविषयी होता. रोबेर्तो दे नोबिली हा इटालियन जेझुइट १६०६ मध्ये मदुरैला आला. त्याने संन्याशाची भगवी वस्त्रे घातली, संस्कृत आणि तमिळ आत्मसात केली, आणि ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणांना जानवे, शेंडी व चंदन ठेवण्यास हरकत नाही असे म्हटले. त्याचा युक्तिवाद असा की जानवे ही समाजातील दर्जाची खूण आहे, उपासनेची नव्हे. विरोधकांना त्यात मूर्तिपूजा दिसत होती. १६१९ मध्ये गोव्यात या प्रश्नावर परिषद भरली. आर्चबिशप क्रिस्तोव्हांव द सा नोबिलीच्या विरोधात उभे राहिले. अखेर १६२३ मध्ये पोप ग्रेगरी पंधरावे यांनी काही अटींवर नोबिलीच्या बाजूने निर्णय दिला. त्यातली एक अट मोठी अर्थपूर्ण आहे : जानवे कॅथलिक धर्मगुरूकडून, ख्रिस्ती प्रार्थनेसह घ्यावे. म्हणजे सूत तेच, पण देणारा हात आणि म्हटलेले शब्द बदलले की त्याचा अर्थ बदलला. लोकरीच्या तुकड्याविषयीचा १६१३ चा निर्णय आणि सुताविषयीचा १६२३ चा निर्णय यांत अवघे दहा वर्षांचे अंतर आहे. दोन्ही ठिकाणी रोम एकच गोष्ट करीत होते : अंगावर घातलेल्या धाग्याला कोणत्या वाक्यात बसवले असता तो अंधश्रद्धा ठरत नाही, ते वाक्य शोधीत होते. (नोबिलीच्या निर्णयाबरोबर जानव्याच्या मागोमाग जातही चर्चमध्ये मानाने शिरली, हा त्या कथेचा कडवट भाग आहे, आणि दक्षिणेतील दलित ख्रिस्ती लेखनात त्याचा हिशोब अद्याप चालू आहे.)

खुद्द आपल्या भाषेतही धाग्याचा अर्थ असाच वाक्यावर अवलंबून असतो. मांत्रिक ‘गंडा’ बांधतो तो बाधा टळावी म्हणून. गवई शिष्याला ‘गंडा’ बांधतो तो घराण्यात घेतले म्हणून. शब्द एक, दोरा एक. गंडाबंध शागीर्द म्हटल्यावर कोणाही मराठी वाचकाला भूतबाधा आठवत नाही.

आता या वस्तूची भारतीय भाषांतील नावे पाहावीत, कारण त्यांत दोन वेगळ्या वृत्ती दिसतात. पोर्तुगीजांनी तिला खांद्यावरून नाव दिले नाही. त्यांच्याकडचा लोकप्रिय शब्द ‘बेंतिन्यु’. ‘बेंतु’ म्हणजे आशीर्वादित, त्याचे हे लघुत्ववाचक रूप. आशीर्वाद झालेली चिमुकली वस्तू. (माशादु द आसीस या ब्राझिलियन कादंबरीकाराच्या ‘दों काझमुर्रु’ या कादंबरीचा नायक लहानपणी याच नावाने ओळखला जातो. त्याच्या बेंतु या नावाचेच ते लाडके रूप. पण ज्याला आईने जन्माआधीच चर्चला वाहण्याचा नवस केला आहे, त्या मुलाच्या नावात हा दुसरा अर्थ पोर्तुगीज वाचकाच्या कानावर पडल्याशिवाय राहत नसेल.) हाच शब्द कोंकणीत ‘बेंतीन’ झाला आणि मल्याळममध्ये ‘वेंतिंगा’. कोंकणी किंवा मल्याळम बोलणाऱ्याला त्यात आशीर्वाद ऐकू येत नाही. तो एका वस्तूचा, जवळजवळ विशेषनामासारखा, शब्द होऊन बसला आहे. मल्याळममध्ये जपमाळेसाठी रूढ झालेल्या ‘कोंत’ या पोर्तुगीज वंशाच्या शब्दासारखा.

तमिळने निराळी वाट धरली. तेथे या वस्तूला ‘उत्तरियम्’ म्हणतात, आणि कार्मेलच्या मातेला ‘उत्तरिय मादा’. मल्याळममध्येही औपचारिक धार्मिक लेखनात ‘उत्तरीयम्’ आहे, घरात वेंतिंगा आहे. ज्या कोणी पंडिताने हा पर्याय प्रथम सुचवला त्याला दाद द्यावी लागेल. लॅटिन शब्दातला खांदा त्याने ओळखला, आणि खांद्यावरच्या वस्त्रासाठी संस्कृतात तयार असलेला शब्द उचलला. त्याहून नवल असे की तमिळ कॅथलिक परिभाषेत शुद्धिस्थानाला ‘उत्तरिक्किर स्थलम्’ म्हणतात, पापाची भरपाई करण्याचे स्थान या अर्थी. हे क्रियापद आणि उत्तरीय यांच्या व्युत्पत्ती वेगळ्या. पण जे वस्त्र शुद्धिस्थानातून लवकर सोडवते असा समज, त्या वस्त्राचे आणि त्या स्थानाचे नाव एकाच ध्वनीने सुरू व्हावे, हा योगायोग भक्ताच्या कानाला योगायोग वाटत नसणार.

हे शब्द ज्या वाटांनी आले त्या वाटांवर कार्मेलाइट स्वतःही आहेत. सतराव्या शतकाच्या आरंभी ते गोव्यात आले. तेथील मठातून सुमात्रा बेटावरील आचेहला गेलेले दियोनिसियुस आणि रेदेम्तुस १६३८ मध्ये तेथे मारले गेले. पोर्तुगालच्या राजाशी निष्ठेची शपथ घेण्यास नकार दिल्यामुळे १७०९ मध्ये त्यांना गोवा सोडावे लागले, आणि १७२० मध्ये इंग्रजांच्या मुंबईने त्यांना जागा दिली. केरळात १६५३ च्या कूनन क्रूसाच्या शपथेनंतर जी फूट पडली ती सांधण्यासाठी रोमने कार्मेलाइटांनाच पाठवले. पुढे मन्नानम येथे १८३१ मध्ये ज्या देशी धर्मसंघाची पायाभरणी झाली तो त्याच परंपरेत वाढला, आणि त्याचे एक संस्थापक कुरियाकोस एलियास चावरा हे मल्याळम वाङ्मयातही कवी म्हणून नोंदले गेले आहेत. तात्पर्य, कथेतल्या विधवेच्या गळ्यातल्या तुकड्याला तीनशेहून अधिक वर्षांचा स्थानिक इतिहास आहे. तो कालपरवा युरोपातून आलेला दागिना नाही.

मराठीची अडचण येथेच सुरू होते. ख्रिस्ती मराठी म्हणून आपण अभ्यासक्रमांत जी भाषा शिकवतो ती मुख्यतः प्रॉटेस्टंट भाषा आहे. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ना. वा. टिळकांची कविता, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, हे वैभव मी कोणापेक्षाही कमी मानीत नाही. पण त्या परंपरेत ग्रंथ आहे, प्रार्थना आहे, भजन आहे. गळ्यात घालायचे कापड, बोटांनी मोजायचे मणी, पुसायचे पुतळे नाहीत. उलट ते नसणे हाच तिचा अभिमान आहे. त्यामुळे कॅथलिक घरातली वस्तू मराठीत आणताना अनुवादकाच्या हाताशी शब्दच नसतो, आणि तो मुसलमान-हिंदू लोकाचारातला पहिला सापडेल तो शब्द उचलतो. खरे तर मराठीतला कॅथलिक वारसा जुना आहे. १६१६ मध्ये राचोलला छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त फादर स्टीफन्सने स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ बेधडक वापरला, आणि जेथे अर्थ निसटेल अशी भीती वाटली तेथे परका शब्द तसाच ठेवला. कोठे आपला शब्द चालेल आणि कोठे चालणार नाही, याचा त्याने ओवीगणिक विचार केलेला दिसतो. अलीकडच्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिताना तीच कसरत केली. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या धर्माविषयी वाद झाला. त्यांच्या शब्दांविषयी झाला असता तर भाषेचे काही भले झाले असते.

मग मराठीत काय लिहावे? ‘उत्तरीय’ मला व्युत्पत्तीने पटते, कानाने पटत नाही. मराठी वाचकाच्या मनात उत्तरीय म्हटले की संगीत नाटकातला राजा खांद्यावरचा शेला सावरीत येतो. कोळ्याच्या विधवेच्या पोलक्याआड तो मावणार नाही. ‘स्कॅप्युलर’ हा लेखात ठीक आहे, कथेत परका. माझे मत असे की कथेच्या भाषेतला शब्दच ठेवावा : कोंकणीतून आले तर बेंतीन, मल्याळममधून आले तर वेंतिंगा. जी मराठी पगार, चावी आणि फीत हे पोर्तुगीज शब्द पचवून बसली आहे, तिला आणखी एकाने अजीर्ण होणार नाही. पहिल्यांदा तो येईल तेव्हा शेजारी एवढेच सांगावे की ते तपकिरी कापडाचे दोन तुकडे आहेत, छातीवर एक आणि पाठीवर एक. तळटीप नको. तळटीप आली की वाचक उंबरठ्यावरून उठून ग्रंथालयात जाऊन बसतो.

हे सर्व मी त्या अनुवादकाला लिहिले आणि उंबरठ्यावरचा प्रसंग पुन्हा वाचावयास सांगितले. ‘ताईत’ वाचले तर आई मुलाला म्हणते : तुझे वाईट न होवो. कोणतीही आई म्हणेल. पण जे अंगावर असताना मरण आले तर नरक चुकतो असे ती आयुष्यभर मानत आली आहे, ते वस्त्र ती स्वतःच्या अंगावरून काढीत आहे. वय झालेले आहे, छातीत दुखते हे कथेत आधीच आले आहे. ती मुलाला राखण देते आणि स्वतः उघडी राहते. शिवाय मुलाने दीक्षा घेतलेली नाही, तेव्हा चर्चच्या नियमाने पाहिले तर नुसते कापड गळ्यात पडून तो त्या परिवारात दाखल होत नाही. लहानपणापासून धर्मशिक्षण घेतलेल्या त्या बाईला हे ठाऊक असणार. दुसरे कापड रविवारी चर्चजवळच्या दुकानात मिळेल, हेही ठाऊक असणार. तरी त्या एका क्षणी ती आपला मृत्यू त्याच्या गळ्यात घालते. कथाकाराने यातले एक अक्षरही स्पष्ट केलेले नाही. त्याच्या वाचकाला वेंतिंगा हा शब्द पुरतो.

अनुवादकाचे उत्तर आले. निवेदनातले ‘ताईत’ त्याने तीनही ठिकाणी बदलले होते. पण त्याने एक प्रश्न विचारला होता. कथेच्या शेवटी, दुबईच्या खोलीत, सोबत राहणारा मुसलमान मुलगा ते कापड पाहून विचारतो, हे काय, तावीज? आणि मुलगा मान हलवून हो म्हणतो. तेथे काय करू? मी कळवले की तेथे तो शब्द तसाच राहू द्यावा.